नळीत काय निघालं?

गेल्या महिन्यात इथे इंदुरात, लोकमान्य नगरात नात्यातलं एक केळवण होतं. जेवणं आटोपली, मी बेसिनपाशी हात धूत होते, तेवढ्यात नवऱ्याच्या एक मावशी मागून आल्या. त्यांनी नळ सोडला, जरा मोठाच सोडला, आणि त्या आवाजाच्या आडोशाने माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अगं, तीन दिवस झाले." बस, एवढंच. काय तीन दिवस झालं नाही ते त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. पदराला हात पुसून त्या पुन्हा बायकांत जाऊन बसल्या, ओटीच्या नारळांचा हिशेब करायला.

लग्नकार्यात माझी गाठ पडते ती अशीच. बेसिनपाशी, जिन्यात, चपलांच्या ढिगापाशी. चारचौघांत मी काय करते ते कोणी विचारत नाही. सासूबाई नव्या पाहुण्यांना सांगतात, "ती हायड्रोथेरपीत आहे," आणि लगेच विषय बदलतात. त्यावरून एका काकांनी मला गुडघ्यांसाठी पाण्यातले व्यायाम विचारले होते, आणि एकीने लेकीला पोहायला कधीपासून पाठवू म्हणून फोन केला होता. मुलगा तिसरीत असताना त्याने हिंदीच्या निबंधात लिहिलं, 'मेरी माँ पेट धोती है.' बाईंनी लाल पेनाने 'पेट' खोडून 'कपड़े' करून दिलं. ती वही मी अजून ठेवली आहे.

तर सांगूनच टाकते. मी कोलन हायड्रोथेरपी करते. मोठ्या आतड्यात खालच्या बाजूने कोमट पाणी सोडायचं, थोडं थांबायचं, ते बाहेर येऊ द्यायचं, पुन्हा सोडायचं. इंदुरात हेच काम करत मला चौदा वर्षं झाली. बायकांचं मी बघते, पुरुषांसाठी आमच्याकडे एक भैया आहेत. पण पहिली विचारपूस मात्र दोन्हीकडची माझीच, कारण भैयांना फार बोलायला आवडत नाही.

त्या विचारपुशीला वीस मिनिटं लागतात, आणि त्यातली निम्मी शब्द सोडवण्यात जातात. रामबागेतल्या जुन्या वाड्यांतून आलेल्या आज्या अजून 'परसाकडे' म्हणतात. परस जाऊन तिथे पार्किंग झालं, शब्द राहिला. त्यांच्या सुना 'पोट साफ होत नाही' म्हणतात, नाती 'मोशन' म्हणतात, आणि हिंदीत विचार करणारे 'फ्रेश नहीं हो पाते'. कोणी 'खडा होतो' म्हणतं, कोणी नुसतंच 'मोकळं वाटत नाही'. हे सगळं एकच दुखणं नव्हे. एकीला कळच येत नाही. दुसरीला येते पण कुंथून जीव जातो. तिसरीला रोज होतं, तरी राहिल्यासारखं वाटतं. चौथीला रोज होतं, चांगलं होतं, पण तिच्या सासऱ्यांना दिवसातून दोनदा व्हायचं म्हणून तिला वाटतं आपलं कमी पडतंय. या चौथीला मी घरी पाठवते. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही चालतं, सुखाने होत असलं म्हणजे झालं. हे सांगितलं की तिचा चेहरा पडतो. पाच किलोमीटर रिक्षा करून आलेली असते बिचारी.

या कामात मी आले ती नर्सिंगमधून. जी.एन.एम. करून एका खासगी नर्सिंग होममध्ये रात्रपाळ्या करत होते, आणि सगळ्यांत ज्युनियर म्हणून एनिमा देणं माझ्याच वाट्याला. मला त्याची किळस वाटत नाही हे तिथे कळलं. प्रत्येकाला काहीतरी नैसर्गिक देणगी असते म्हणतात, माझी ही. मग पुण्याला ताडीवाला रोडवर बापू भवनात निसर्गोपचाराचा वर्षभराचा कोर्स केला. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र होतं ते, गांधीजी तिथे येऊन राहायचे. पुढे १९४६ मध्ये त्यांनी उरुळीकांचनला आश्रम काढला. मातीच्या पट्ट्या, कटिस्नान, एनिमाचं भांडं खुंटीला किती उंच टांगायचं, हे सगळं मी तिथे शिकले. तिथलं सगळंच साधं होतं. मशीन वगैरे मी पाहिलं ते इंदुरात परत आल्यावर.

पहिली नोकरी लागली ती जागा झकपक होती. दारात कारंजं, आत संगमरवर, आणि एका खोलीत ते बाहेरून मागवलेलं मशीन. त्याला एक पारदर्शक नळी होती. बाहेर पडणारं सगळं त्या नळीतून जाताना दिसतं, आणि नळीच्या मागे दिवा लावलेला. मालकांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "क्लायंटला नळीत काही ना काही दाखवायचंच. रिकाम्या हाताने कोणी घरी जाता कामा नये."

मी पंचविशीची होते, घरी पैशाची निकड होती. तिसऱ्या का चौथ्या आठवड्यात राजेंद्र नगरच्या एक बाई आल्या, बँकेत नोकरी, चाळिशीच्या आसपास. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. पाणी सोडून पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, नळीत पांढरट, लांबट फिती तरंगत आल्या, भिजलेल्या कागदी रुमालाच्या पट्ट्यांसारख्या. बाईंनी मान वळवून विचारलं, "सिस्टर, हे काय?" आणि मी पढवलेलं वाक्य म्हटलं. "जुना मळ आहे हा, आतड्याला चिकटलेला. दहा-बारा वर्षांचा तरी असेल." बाईंना रडू आलं. रडता रडता हसल्या. उठून कपडे केल्यावर त्यांनी मशीनला हात जोडले, खरंच जोडले, आणि खाली जाऊन सहा बैठकींचं पॅकेज घेतलं. पॅकेजमागे मला अडीचशे रुपये मिळायचे. ते मिळाले.

खरं तर त्या फिती काय होत्या ते मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. नुसतं खोटं बोलण्यापेक्षा हे वाईट. काही महिन्यांनी मी जुन्या नर्सिंग होममधल्या पोटाच्या डॉक्टरसाहेबांना गाठलं आणि विचारलं. ते हसले. म्हणाले, "शेंबूड गं. नाकात असतो तसाच आतड्यातही असतो. मळ सरकायला वंगण नको का? तू एवढं पाणी घालतेस, अस्तर आणखी सोडतं." मी म्हटलं, पण चिकटलेला मळ? ते म्हणाले, "मंगळवारी ये."

मंगळवारी त्यांनी मला कोलोनोस्कोपीच्या खोलीत उभं केलं. पेशंटने आदल्या संध्याकाळपासून जुलाबाच्या पावडरीचं पाणी पिऊन पोट रिकामं केलेलं, ना मशीन ना नळी. पडद्यावर आतडं दिसायला लागलं. मी इतकी वर्षं पुस्तकातली तपकिरी आकृती पाहिलेली. हे गुलाबी होतं. गालाच्या आतली बाजू असते तसं ओलं, चकचकीत, मधेमधे बारीक लाल शिरांची नक्षी, आणि दर थोड्या अंतरावर एक वळी, हार्मोनियमच्या भात्यासारखी. चिकटलेलं काही नाही. डॉक्टरसाहेब कॅमेरा मागे घेत घेत बोलत होते, की हे अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, जुन्या पेशी गळून जातात, मग दहा वर्षांचा मळ चिकटणार कशाला, जिला चिकटायचं ती भिंतच आठवड्याभराची पाहुणी. हजारो आतडी पाहिली, कुठे सापडला नाही, असंही म्हणाले. मी मास्कच्या आत घामाने भिजले होते.

नंतर वाचलं तर हा घोटाळा माझ्या मालकांनी काढलेला नव्हताच, फार जुना आहे. मळ आत कुजतो, त्याचं विष रक्तात भिनतं, आणि सगळे आजार त्यातून होतात, असं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भले भले डॉक्टर मानायचे. अमेरिकेत मिशिगनमध्ये बॅटल क्रीक सॅनिटेरियम चालवणारे जॉन हार्वे केलॉग, कॉर्नफ्लेक्सवाल्या घरातले, ते तर आतडी धुण्याचे मोठे पुरस्कर्ते. पण १९१९ मध्ये वॉल्टर अल्वारेझ नावाच्या डॉक्टरांनी अगदी घरगुती प्रश्न विचारला. बद्धकोष्ठाने डोकं जड झालेला माणूस संडासला जाऊन येतो आणि लगेच हलका होतो. रक्तात विष असतं, तर ते असं दोन मिनिटांत उतरलं असतं का? त्याच सुमारास धडधाकट माणसांच्या गुदाशयात कापसाचे बोळे भरून पाहिलं गेलं, तर तीच डोकेदुखी, तोच जडपणा. म्हणजे त्रास विषाचा नव्हता, ताणाचा होता. कापसात कसलं आलंय विष! शंभर वर्षं झाली याला. तरीही आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणी विष काढायलाच येतात.

इंदुरात तर त्याला निमित्तच मिळालं. २०१७ पासून शहर स्वच्छतेत देशात पहिलं येत राहिलं. दारात सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, ओला-सुका वेगळा नसला तर गाडीवाला भिया चारचौघांत बोलतो, आणि देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवरचा वर्षानुवर्षांचा कचऱ्याचा डोंगर होता तो खरोखरच हटवला. २०२२ मध्ये तिथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यातून गॅस काढायचा कारखाना उभा राहिला, त्यावर बसगाड्या धावतात. अभिमान आहेच, मलाही आहे. पण लोकांच्या डोक्यात पोट म्हणजे तेच ट्रेंचिंग ग्राउंड बसलं. "सिस्टर, शहर नंबर वन, मग पोट का नको?" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. आतड्यात डोंगर साचत नाही हो. तिथली गाडी रोज येते, आणि आली नाही तर बहुतेक वेळा चूक आपल्याच घरातली असते.

आता काम कसं असतं ते सांगते, कारण खालच्या आवाजात का होईना, ते सगळ्यांनाच विचारायचं असतं.

आधी बाईला डाव्या कुशीवर झोपवायचं, गुडघे पोटाशी. कमरेवरून पांघरूण, पायात मोजे हवे असतील तर मोजे, कारण पाय गार पडले की सगळं अंग आवळतं. बोटाला जेली लावून आधी तपासून घ्यायचं. मूळव्याध आहे का, चीर आहे का, किती घट्ट धरलंय. मग म्हणायचं, "श्वास सोडा." घ्या नाही म्हणायचं, सोडा म्हणायचं. सोडताना स्नायू आपोआप ढिले होतात, तेवढ्यात अंगठ्याएवढं नोझल आत जातं. मग उताणं. पाणी अंगाइतकंच कोमट, ३७ अंशांच्या आसपास, आणि जोर अगदी कमी. काटा वर जायला लागला की बंद. बाई म्हणाली "भरलं" की बंद. कळ आली की बंद. माझा एक हात कॉकवर आणि दुसरा तिच्या पोटावर असतो. उजवीकडे खालून वर, बरगड्यांखालून आडवं, डावीकडून खाली, आतडं ज्या वाटेने जातं त्या वाटेने हात फिरवायचा. डावीकडे खाली बहुतेकींचं पिळलेल्या पंचासारखं लागतं. ते हळूहळू सैल होताना हाताला कळतं, आणि या कामात मला आवडतं ते हेच, नळीकडे न बघता हाताला कळणं.

आधी नुसते बुडबुडे येतात, गुडगुड आवाज करत. मग इतर येतं. आणि मग अर्ध्या तासाच्या सुमाराला बायका बोलायला लागतात. उताणं पडलंय, वर पंखा आहे, समोर कोणाचा चेहरा नाही, आणि पोटावर कोणाचा तरी उबदार हात आहे. सुनेचं, जावेचं, नवऱ्याच्या कर्जाचं, एकीने तर चाळीस वर्षांपूर्वी मोडलेल्या लग्नाचं सगळं सांगितलं. मी 'हं' म्हणते आणि काट्याकडे बघते.

नळीत काय दिसतं? खाल्लेलं दिसतं. टोमॅटोचं साल, तीळ, कोथिंबिरीचं पान, आणि मक्याच्या दाण्याचं टरफल, कारण ते पचवायचं आपल्याकडे काही नसतं. तोंडापासून तिथवर यायला दीड-दोन दिवस, कधी तीन लागतात. त्यामुळे सोमवारी आलेली बाई शनिवारी रात्री सराफ्यात होती का ते मला कळतं. पावसाळ्यात भुट्ट्याच्या किसाचा चुरा हमखास. "मी बाहेरचं खातच नाही हो" असं नुकतंच लिहून दिलेल्या एका काकूंच्या नळीतून मक्याची सालं मोठ्या दिमाखात निघाली होती. त्या छताकडे बघत होत्या, मी नळीकडे. मी काही बोलले नाही. दिवसा सोन्याच्या पेढ्या आणि रात्री खाऊगल्ली असलेल्या गावात कोणाला काय बोलायचं.

पाण्याचं एक सांगायचं राहिलं. आपलं पाणी नर्मदेचं, जलूदहून सत्तरेक किलोमीटर नळातून चढून येतं, १९७८ पासून. आमच्या मशीनआधी गाळाचा फिल्टर, मग कोळशाचा, मग यू.व्ही.चा दिवा. पावसाळ्यात गाळाची कांडी चहाच्या गाळणीसारखी होते, तीन महिन्यांऐवजी महिन्यात बदलावी लागते. एकदा एक आजी, आयुष्यभर सोवळ्यातल्या, पडल्या पडल्या विचारू लागल्या, पाणी कुठलं? मी म्हटलं, नर्मदेचं. मी कॉक फिरवला, आणि आजींनी डोळे मिटून म्हटलं, "नर्मदे हर." मला ओठ चावून धरावे लागले. पण नंतर वाटलं, यात हसण्यासारखं काय आहे?

"म्हणजे ही आपली बस्तीच ना?" हाही नेहमीचा प्रश्न. नाही. आयुर्वेदातली बस्ती हे औषध आहे, काढ्याची निरूह, तेलाची अनुवासन, वैद्य प्रकृती बघून आठ, सोळा किंवा तीस असा क्रम ठरवतात, आणि ते औषध म्हणूनच देतात, नुसतं धुवायला नव्हे. बस्ति म्हणजे मूत्राशय. पूर्वी जनावराच्या मूत्राशयाची पिशवी करून औषध द्यायचे म्हणून ते नाव. हठयोगातली जलबस्ती आणखी वेगळी, बेंबीपर्यंत पाण्यात बसून पोटाच्या जोराने पाणी ओढून घ्यायचं. ते ज्यांना जमायचं त्यांना माझी गरज नव्हती. आमचं काम प्लंबिंगच्या जवळचं आहे, ऋषिमुनींच्या नाही. आमच्या जाहिरातीत मात्र ऋषीच असतात, त्यावर माझं कोणी ऐकत नाही.

ती झकपक जागा मी सोडली, पण खोटं बोलावं लागतं म्हणून नव्हे. म्हटलं तर शोभलं असतं, पण तसं नाही. झालं ते असं, की 'एकदा वापरून फेका' लिहिलेली नोझलं तिथे रात्री जंतुनाशकाच्या बादलीत भिजत घालून सकाळी पुन्हा पाकिटात जायची. मी बोलले तर "खर्च बघ" म्हणाले. त्याच्या थोडं आधी डॉक्टरसाहेबांनी मला एक छापील कागद वाचायला दिला होता. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या एका दवाखान्यात १९७८ ते १९८० या काळात असंच आतडं धुण्याचं मशीन होतं, ते नीट स्वच्छ होत नव्हतं. त्यातून अमीबाची लागण पसरली. निदान ३६ जण आजारी पडले, दहा जणांचं मोठं आतडं काढावं लागलं, त्यातले सहा वारले. बद्धकोष्ठासाठी गेलेली माणसं! त्या रात्री मी बादलीतली नोझलं मोजली. अकरा होती. दुसऱ्या दिवशी गेले नाही.

आता जिथे आहे तिथे पाकीट बाईच्या समोर फोडते आणि काम झालं की तिच्याच समोर नोझल कात्रीने कापून लाल पिशवीत टाकते. नवीन मुली म्हणतात, "दीदी, किती नाटक." असू दे.

आणि नाही म्हणायला शिकले. हृदय कमजोर, किडनी कमजोर, आतड्याला सूज, नुकतंच ऑपरेशन, हर्निया, दिवस गेलेले, रक्त पडतंय, या कोणालाच पाणी नाही. आतडं पाणी शोषतं, अंगातलं मीठ पातळ होतं, आणि दुखऱ्या आतड्याला भोक पडलं तर ते जिवावरचं असतं. दोन वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या. "मूळव्याध आहे, रक्त जातं कधीमधी," म्हणाल्या. चार महिन्यांत सात किलो वजन उतरलेलं, सवय बदललेली, कधी जुलाब, कधी काही नाही. मी म्हटलं, आधी दुर्बिणीची तपासणी करून या, मग बघू. त्या चिडल्या. पैसे द्यायला तयार असलेल्या माणसाला परत पाठवता म्हणजे काय! मी डॉक्टरसाहेबांचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला, ती त्यांनी तिथेच टेबलावर टाकली. रात्री आमच्या पानावर एक तारा देऊन 'उद्धट स्टाफ' असं लिहिलं. पुढे त्यांनी तपासणी केली की नाही मला माहीत नाही. तो एक तारा अजून आहे. मी अधूनमधून उघडून बघते, त्यांनी आणखी काही लिहिलंय का म्हणून.

पण गेल्या वर्षातली माझी सगळ्यांत आवडती केस पाण्याविनाच बरी झाली. सुदामा नगरच्या आजी, वय ७६, मुलगा घेऊन आला. दीड वर्षापासून होत नाही. चूर्णं झाली, सोनामुखी झाली, एरंडेल झालं. आजींना हृदयाचा त्रास, पायांवर सूज, म्हणजे मशीनचा प्रश्नच नव्हता. मी मुलाला बाहेर बसवलं आणि आजींना विचारलं, दीड वर्षापूर्वी काय झालं? तर वाडा विकला आणि फ्लॅटमध्ये आले. मग विचारलं, सकाळचं सगळं सांगा, उठल्यापासून. आजी साडेपाचला उठतात. सहाला चहा. चहानंतर कळ येते, म्हणजे यायची. पण सहा ते साडेसात दोन्ही नातवंडांची शाळेची गडबड, एकच संडास, आणि तो स्वयंपाकघराला लागून. "आत बसलं की बाहेर सून डबे भरताना ऐकू येते हो," आजी म्हणाल्या, "म्हणजे तिलाही मी ऐकू जात असणार." म्हणून त्या थांबायच्या. साडेसातला सगळे गेले की जायच्या, तोवर कळ गेलेली. चहा प्यायला की आतडं हलतं, ती वेळ पाळली नाही की ते रुसतं. महिनोन्‌महिने रुसवलं तर बोलवायचंच सोडून देतं.

मी मुलाला आत बोलावून म्हटलं, सहा ते सव्वासहा संडास आजींचा. नातवंडं सव्वासहाला उठतील. आणि स्वयंपाकघरात त्या वेळी रेडिओ लावा, मोठ्याने. त्याला वाटलं मी चेष्टा करते. मग कमोडपुढे पाट ठेवायला सांगितला, पाय त्यावर घेऊन बसायचं, गुडघे कमरेच्या वर आले की वाट सरळ होते, वाड्यात उकिडवं बसायच्या तसं. घरात पाट आहे का विचारलं तर आजी म्हणाल्या, "आहेत की, लग्नातले चार आहेत, माळ्यावर." इसबगोल सांगितलं, आपल्या नीमचच्या मंडीत येतं तेच, पण ते नुसतं गिळायचं नाही, पाण्याबरोबर, नाहीतर तेच आत घट्ट बसतं. पाणी किती ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. आणि लोहाची गोळी चालू होती, तिच्याबद्दलही त्यांनाच विचारा म्हटलं, लोहाने पोट धरतं.

तीन आठवड्यांनी मुलाचा फोन आला. "दीदी, हो रहा है." मराठी घरातला मुलगा, पण ही बातमी त्याला मराठीत देता आली नाही. तपासणीची फी म्हणून मी दोनशे रुपये घेतले होते. आमच्या मॅनेजरने विचारलं, या केसला काय विकलं आपण? मी म्हटलं, पाट.

कधी कधी कोणी विचारतं, मग हे काम करताच कशाला? प्रश्न वाजवी आहे. निरोगी माणसाला या धुण्याचा काही फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही, हे मी येणाऱ्या प्रत्येकीला तोंडावर सांगते. तरी काही जणींना नीट तपासून, वर्षातून एकदा-दोनदा करून घ्यायचं असतं, हलकं वाटतं म्हणतात. हलकं वाटतं हे खरंच आहे. त्याहून जास्त मी कबूल करत नाही. निघताना ताक देते, मिठाचं, आणि मुगाची पातळ खिचडी खा म्हणते. आणि नळीमागचा दिवा मी बंद ठेवते. कोणी लावा म्हटलं तर लावते, आणि जे दिसतं त्याचं नाव सांगते. हे टोमॅटो. हे तीळ. हा शेंबूड.

त्या राजेंद्र नगरच्या बाई जानेवारीत भेटल्या. सराफ्यात, रात्री अकरा वाजता, गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या गाडीपाशी. मी ओळखलं नाही, त्यांनीच ओळखलं. "सिस्टर ना तुम्ही? पोटवाल्या?" चांगल्या भरल्या होत्या, डोळ्यांखालचं काळं गेलेलं, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली म्हणाल्या. नवरा मागे गर्दीत शिकंजीच्या रांगेत होता. मला वाटलं, हीच वेळ आहे. तेरा वर्षं मनात धरून ठेवलेलं सांगून टाकलं. म्हटलं, "ताई, तेव्हा तुम्हाला मी दहा-बारा वर्षांचा मळ म्हटलं होतं, ते खरं नव्हतं. ते नुसतं आतड्याचं वंगण होतं. सगळ्यांचंच निघतं. मला तेव्हा कळत नव्हतं, आणि मालक सांगायचे तसं मी बोलत होते. तुमचे पैसे गेले पॅकेजचे."

त्यांनी द्रोणातली फोड तोंडात टाकली, गरम होती, जरा फू फू केलं. मग इकडेतिकडे बघून माझ्या जवळ सरकल्या.

"अहो, असू दे," म्हणाल्या. "पण हे आमच्या जावेला नका हं सांगू. मी सांगितलं म्हणून तीही जाऊन आली होती तिथे. तिचं पंधरा वर्षांचं निघालं म्हणे. अजून प्रत्येक मंगळागौरीला सांगते." मग गाडीवाल्याकडे वळून म्हणाल्या, "भिया, इनके लिए भी एक बनाओ. जिरावन ज्यादा."